हाक कुठल्या चॅनलवर मारायची?

मी मूळची सांगलीची. उत्तर कॅलिफोर्नियात राहायला येऊन बरीच वर्षं झाली. इथे हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना काढला आणि त्या ओढीनं आमच्या काउंटीच्या आपत्ती नियंत्रण केंद्रात, रेडिओच्या खोलीत, स्वयंसेवक म्हणून बसू लागले. वणवा, पूर, वीजबंदी असं काही झालं की बोलावणं येतं. आग विझवणारे, पोलीस, रुग्णवाहिका, निवारा केंद्रं अशी सगळ्यांची बोलणी तिथून जातात. मुख्य काम पगारी माणसं करतात. त्यांचे धागे जिथे एकमेकांपर्यंत पोचत नाहीत तिथे आम्ही असतो.

या खोलीत बसून माझं एक मत पक्कं झालं आहे. रेडिओचा विचार करताना लोक मनोरे, बॅटऱ्या, अँटेना मोजतात. चॅनलला नाव काय द्यायचं याचा विचार सगळ्यात शेवटी, घाईघाईत होतो. माणसं एकमेकांना सापडत नाहीत ती मात्र बऱ्याचदा तिथेच. म्हणून हे अनुभवाचे बोल लिहून ठेवते आहे.

१. नाव परक्यासाठी असतं.

कॅलिफोर्नियात १९५०पासून परस्पर मदतीचा करार आहे. एका काउंटीला आग आवरेना की शेजारची, मग त्यापलीकडची, वेळ पडली तर दुसऱ्या राज्यातलीही पथकं निघतात. पाच बंब आणि त्यांचा एक प्रमुख, अशा तुकडीला इथे 'स्ट्राइक टीम' म्हणतात. ही माणसं रात्रभर गाडी चालवून पहाटे अनोळखी डोंगरात उतरतात. त्यांना इथले रस्ते ठाऊक नसतात, पाणी कुठे मिळेल ते ठाऊक नसतं, गावकऱ्यांच्या तोंडची टेकड्यांची नावं ठाऊक नसतात. हातात असतो एक वॉकीटॉकी आणि त्याच्या बोटभर पडद्यावर उमटलेली काही अक्षरं.

आता १५४.२६५ मेगाहर्ट्झ ही एक लहर घ्या. वेगवेगळ्या अग्निशमन दलांनी एकमेकांशी बोलावं म्हणून ती देशभर राखून ठेवलेली आहे. कॅलिफोर्नियात पिढ्यानपिढ्या तिला 'व्हाइट टू' म्हणतात. इलिनॉयमध्ये तिचं नाव 'आयफर्न'. राष्ट्रीय यादीत ती 'व्हीफायर २२' आहे. लहर तीच आणि नावं तीन.

एका संयुक्त सरावात बाहेरून आलेल्या एका कॅप्टनला आमच्याकडून निरोप गेला, "व्हाइट टूवर या." तो बिचारा रेडिओची कळ फिरवत सगळी नावं वाचत राहिला. 'व्हाइट' त्याच्या रेडिओत कुठेच नव्हतं. लहर मात्र होती, दुसऱ्या नावाखाली, सुरुवातीपासून. सराव होता म्हणून त्या शोधाशोधीत फक्त वेळ गेला.

घरच्या माणसांना कुठलंही नाव चालतं, त्यांना सवयीनं कळतं. त्यामुळे नावाची परीक्षा घरच्यांकडून घेऊच नये. काल रात्री पोचलेल्या, दमलेल्या, कुणालाही न ओळखणाऱ्या माणसाला ते वाचून काय करायचं ते कळतं का, एवढंच पाहावं.

२. नावातल्या प्रत्येक अक्षरानं काम केलं पाहिजे.

सार्वजनिक सुरक्षेच्या क्षेत्रातल्या 'ॲपको' आणि 'एनपीएसटीसी' या दोन संस्थांनी मिळून अमेरिकेतल्या सामायिक चॅनलांच्या नावांचं एक मानक तयार केलं. २०१०मध्ये ते राष्ट्रीय मानक म्हणून मंजूर झालं. त्याची रचना मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नाव आठ अक्षरांच्या आत बसलं पाहिजे, कारण पुष्कळ रेडिओंच्या पडद्यावर त्याहून जास्त मावत नाही. पहिलं अक्षर लहरींचा पट्टा सांगतं: 'व्ही' म्हणजे व्हीएचएफ, 'यू' म्हणजे यूएचएफ, ७ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आणि ८ म्हणजे ८००चा. मधला शब्द उपयोग सांगतो. 'कॉल' म्हणजे हाक मारायची जागा, 'टॅक' म्हणजे काम करताना बोलायची जागा. 'फायर', 'लॉ', 'मेड' हे तर सांगायलाच नकोत. शेवटी आकडा. म्हणून 'व्हीकॉल १०', 'व्हीटॅक ११', 'यूकॉल ४०', '८कॉल ९०'.

आकड्यांची वाटणी फार विचारानं केलेली आहे. व्हीएचएफला दहापासून तिशीपर्यंतचे, यूएचएफला चाळिशीतले, ७००च्या पट्ट्याला पन्नाशीपासून ऐंशीपर्यंतचे, ८००ला नव्वदीतले. वाऱ्याच्या घोंगाटात 'व्हीटॅक' की 'यूटॅक' हे कळलं नाही, पण 'बारा' तेवढं ऐकू आलं, तरी माणूस योग्य जागी पोचतो, कारण बारा दुसरीकडे कुठे नाहीच.

आषाढीच्या वारीत दिंडीच्या नावात 'रथापुढे' किंवा 'रथामागे' आणि तिचा क्रमांक असतो. चुकलेल्या वारकऱ्याला कुणालाही ओळखायची गरज पडत नाही, नुसत्या नावावरून आपली दिंडी पालखीच्या कुठल्या अंगाला, कितवी, हे त्याला उमगतं. चॅनलचं नाव असं असावं.

८००च्या पट्ट्यातल्या याच पाच सामायिक चॅनलांना पूर्वी 'आयकॉल' आणि 'आयटॅक १' ते 'आयटॅक ४' म्हणत. नावं छोटी होती, सुटसुटीत होती. पण पट्टा कुठला, हे त्यांतून कळत नव्हतं, आणि १, २, ३, ४ हे आकडे प्रत्येक दलाच्या स्वतःच्या चॅनलांनाही असतातच.

३. "तीन नंबरवर या" असं कधीही म्हणू नये.

रेडिओच्या कळीवरचा तीन नंबर म्हणजे त्या रेडिओत ज्यानं यादी भरली त्यानं तिसऱ्या खणात जे ठेवलं ते. माझा तीन आणि तुमचा तीन यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. त्यातून आजकालच्या रेडिओत खणांचे गट असतात, त्यांना 'झोन' म्हणतात, आणि प्रत्येक झोनमध्ये पुन्हा एक ते सोळा. चॅनल सांगायचा तर नावानं, पूर्ण नावानं.

४. नावामागे पूर्ण जुळणी उभी असते.

लहर जुळली की बोलणं जुळलं असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं. तसं नसतं. बहुतेक रेडिओ आवाजासोबत एक मंद, कानाला न जाणवणारा सूर पाठवतात. समोरच्या रेडिओला तो सूर ओळखीचा असेल तरच त्याचा स्पीकर उघडतो. राष्ट्रीय ॲनालॉग सामायिक चॅनलांसाठी हा सूर १५६.७ हर्ट्झ ठरलेला आहे. एखाद्या तंत्रज्ञानं 'व्हीटॅक ११' हे नाव टाकलं, १५१.१३७५ ही लहरही बरोबर टाकली आणि सूर मात्र आपल्या नेहमीच्या चॅनलांचा ठेवला, तर तो रेडिओ बोलत राहील आणि कुणाच्या कानी पडणार नाही. तोंडी तपासणीत हे सापडत नाही, कारण नाव बरोबर दिसत असतं.

सुराखेरीज लहरीची रुंदी असते, ॲनालॉग की डिजिटल हेही असतं. २०१३च्या जानेवारीपासून व्हीएचएफ आणि यूएचएफमधल्या दलांना अरुंद, म्हणजे १२.५ किलोहर्ट्झच्या लहरी वापरणं बंधनकारक झालं. तेव्हा जे जुने रेडिओ कपाटात राहिले ते आजही अधूनमधून बाहेर निघतात आणि आवाज फाटका येतो.

नाव देणं म्हणजे या साऱ्या जुळणीची हमी देणं. ती हमी तपासल्याशिवाय मानक नाव रेडिओवर छापू नये. या बाबतीत मी खोलीत हट्टी म्हणून ओळखली जाते आणि ते मला मान्य आहे.

५. शेपटीचं 'डी' वाचायला शिकवा, आणि रिपीटर कोण चालू करतो हे लिहून ठेवा.

काही चॅनल डोंगरावरच्या किंवा इमारतीवरच्या रिपीटरमधून जातात. रिपीटर तुमचा आवाज एका लहरीवर ऐकतो आणि दुसऱ्या लहरीवर जोरात पुन्हा सोडतो, म्हणून तो लांब पोचतो. पण तळघरात, दरीत, बोगद्यात तुमचा आवाज रिपीटरपर्यंत जातच नसेल तर पंधरा पावलांवरचा सोबतीही ऐकू शकत नाही. त्यासाठी थेट रेडिओ ते रेडिओ बोलायची सोय असते आणि मानकात तिला नावाच्या शेवटी 'डी' जोडतात: '८टॅक ९१डी'. एवढ्या एका अक्षरावर आत शिरलेल्या माणसाचं बाहेरच्याशी असलेलं नातं टिकून असतं.

रिपीटरची गोष्ट निघाली की मला ११ सप्टेंबर २००१बद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. वर्ल्ड ट्रेड सेंटरवर १९९३मध्ये बॉम्बहल्ला झाला, तेव्हा उंच मनोऱ्यांत अग्निशमन दलाच्या हातातल्या रेडिओंचे हाल झाले. म्हणून त्यानंतर तिथे दलासाठी खास रिपीटर बसवला गेला. तो दिवसरात्र चालू नसे, गरज पडेल तेव्हा लॉबीतल्या पॅनेलवरून चालू करायचा असे. पॅनेलवर दोन बटणं होती. एकानं रिपीटर चालू होई, दुसऱ्यानं पॅनेलचा हँडसेट. त्या सकाळी पहिलं बटण दाबलं गेलं, दुसरं नाही. उत्तर मनोऱ्याच्या लॉबीत प्रमुखांनी चाचणी घेतली तेव्हा हँडसेटवर काही येईना. रिपीटर बंद पडला आहे असं समजून त्यांनी तो चॅनल सोडला आणि दुसऱ्या चॅनलांवर काम सुरू केलं. रिपीटर मात्र चालू होता. दक्षिण मनोऱ्यात शिरलेल्यांना तो वापरता आला. बटालियन चीफ ओरिओ पामर त्याच चॅनलवर बोलत ७८व्या मजल्यापर्यंत चढले आणि तिथल्या जखमींची खबर त्यांनी खाली दिली.

दक्षिण मनोरा कोसळल्यावर उत्तर मनोऱ्यातून बाहेर पडायचा हुकूम सुटला. तो काहींना मिळाला, काहींना नाही. काही वेगळ्या चॅनलवर होते, काहींजवळ रेडिओच नव्हता, आणि ज्या चॅनलवर हुकूम दिला गेला तिथे इतकी माणसं एकाच वेळी बोलत होती की शब्द शब्दावर आदळत होते. उत्तर मनोरा आता फार काळ उभा राहणार नाही, असं पोलिसांच्या हेलिकॉप्टरनं वरून पाहून कळवलं होतं. ते पोलिसांच्या चॅनलवर होतं. मनोऱ्यात असलेल्या अग्निशमन जवानांपर्यंत पोचायला त्या वाक्याला वाटच नव्हती. न्यूयॉर्क अग्निशमन दलाची ३४३ माणसं त्या दिवशी गेली.

चौकशी आयोगाच्या अहवालातला हा भाग मी नव्या स्वयंसेवकांना वाचायला देते. सगळे मृत्यू रेडिओमुळे झाले असं कुणी म्हणू शकणार नाही आणि मीही म्हणत नाही. पण चॅनल चालू आहे हे कशावरून ओळखायचं, तो कोण चालू करतो, चालला नाही तर दुसरा कुठला, या तीन प्रश्नांची उत्तरं पॅनेलशेजारीच चिकटवलेली असावीत, हे त्या पानांवरून शिकावं.

६. हाक मारायची जागा मोकळी ठेवा.

हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवरच्या व्हीएचएफ सेटबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. समुद्रावर १६ नंबरचा चॅनल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, जगभर हाकेचा आणि संकटाचा. तिथे दुसऱ्या बोटीला हाक द्यायची, ओ मिळाली की दोघांनी दुसऱ्या चॅनलवर जायचं आणि १६ मोकळा करायचा. सगळेजण तो ऐकत बसलेले असतात, म्हणूनच त्यावर कुणी गप्पा मारायच्या नाहीत. इथे मुद्दाम लिहिते की १६ हा आकडा सगळीकडे एकाच लहरीचा आहे, कारण समुद्रातल्या चॅनलांचे आकडे आंतरराष्ट्रीय करारानं ठरलेले आहेत. जमिनीवरच्या दलांना ते भाग्य लाभलेलं नाही, म्हणून तर तिसऱ्या मुद्द्यात एवढं बजावून सांगितलं.

जमिनीवर 'व्हीकॉल १०' किंवा '८कॉल ९०' हेच काम करतात. बाहेरून येणारा तिथे हाक मारतो, नियंत्रण कक्ष त्याला विचारतो आणि एखादा 'टॅक' नेमून देतो. हे चालायचं तर हाकेच्या चॅनलवर कुणीतरी कान देऊन बसलेलं हवं. चॅनल रेडिओत आहे, नाव बरोबर आहे, पण पलीकडे ऐकायला कुणी नाही, असं मी पाहिलेलं आहे. हाकेच्या चॅनलवर ऐकणाराच नसेल तर ते नाव पुसून टाकलेलं बरं, निदान परका माणूस त्यावर विसंबून राहणार नाही.

मोठ्या वणव्यात विभागणी आणखी बारीक असते. हुकूम रिपीटरवरून जातात. डोंगराच्या प्रत्येक बाजूच्या तुकडीला आपापसांत बोलायला एकेक टॅक असतो. विमानांनी जमिनीशी बोलायची लहर वेगळी आणि विमानांच्या संकटासाठी राखलेली १६८.६२५ मेगाहर्ट्झची 'एअर गार्ड' आणखी वेगळी. नवखा माणूस इतके चॅनल पाहून गांगरतो. पण एकाच चॅनलवर तीस पथकं कोंबली की काय होतं हे एकदा ऐकलं म्हणजे विभागणीबद्दल तक्रार राहत नाही. दोघे एकदम बोलले की तिसऱ्याला फक्त खरखर ऐकू येते, आणि त्या खरखरीत कुणाचा तरी 'मेडे' असू शकतो.

७. संकेत घरात ठेवा, पाहुण्यांशी साधं बोला.

१९३७च्या सुमारास इलिनॉय राज्य पोलिसांच्या चार्ल्स हॉपर यांनी 'टेन-कोड' रचले. त्या काळच्या रेडिओला बटण दाबल्यावर पूर्ण ताकद यायला क्षणभर लागे, बोलण्याचा पहिला तुकडा गळून जाई. म्हणून आधी 'टेन' म्हणायचं. ते गळालं तर गळालं, खरा आकडा पोचतो. फार हुशारीची युक्ती होती. पुढे रेडिओ सुधारले, कोड राहिले आणि गावोगाव त्यांचे अर्थ वेगळे झाले. 'टेन-फिफ्टी' म्हणजे उत्तर कॅरोलायनात वाहनाचा अपघात. न्यूयॉर्क पोलिसांत तोच आकडा गोंधळ घालणाऱ्या माणसासाठी किंवा जमावासाठी आहे.

२००६पासून अनेक दलं एकत्र काम करत असतील तेव्हा साधी भाषा वापरण्याची अट केंद्र सरकारच्या आपत्तीच्या पूर्वतयारीसाठीच्या निधीशी जोडली गेली. जुन्या पोलिसांना ते आजही रुचत नाही. कोडमध्ये वेग असतो आणि आजूबाजूच्यांपासून थोडा आडोसाही असतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. आपल्या दलात ते खुशाल वापरावेत. सामायिक चॅनलवर मात्र "रस्ता बंद आहे, झाड पडलंय, दोन जखमी" एवढंच बोलावं.

मराठी जिभेवर वाढलेल्या माझ्यासारखीला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. इंग्रजीतले 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चे उच्चार आपल्या तोंडून सारखेच निघतात आणि 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' रेडिओवर कुणाच्याही तोंडून सारखेच ऐकू येतात. त्यामुळे मी आकडे सुटे करून सांगते, 'वन-फाइव्ह', 'फाइव्ह-झीरो', आणि अक्षर असेल तर 'व्हिक्टर' म्हणून मोकळी होते. अक्षरांचे शब्दही सगळ्यांचे एक नाहीत. हॅमवाले 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' म्हणतात, इथले पुष्कळ पोलीस 'ॲडम, बॉय, चार्ल्स'. दोन्ही कानांना ओळखीचे असलेले बरे.

८. कागद हवाच.

१९७०च्या शरदात दक्षिण कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे पेटले, १६ माणसं गेली, ७००हून जास्त इमारती जळाल्या. दलं पुष्कळ होती, पण कोण कुणाच्या हुकमाखाली, कुठल्या नावानं, कुठल्या लहरीवर, याचा मेळ नव्हता. त्यातून 'फायरस्कोप' नावाचा प्रकल्प उभा राहिला आणि आज अमेरिकाभर वापरात असलेली घटना-नियंत्रण पद्धत जन्मली. त्या पद्धतीतला 'आयसीएस २०५' हा एक पानी तक्ता म्हणजे रेडिओच्या माणसांची गीता. चॅनलचं नाव, तो कुणाला नेमला, ऐकायची लहर, बोलायची लहर, दोन्हींचे सूर, ॲनालॉग की डिजिटल आणि शेरा. दर पाळीला तो नव्यानं निघतो आणि सकाळच्या बैठकीत सगळ्यांच्या हाती पडतो.

वणव्याच्या तळावर संपर्क विभागाच्या तंबूपुढे रांग लागते. बाहेरून आलेला माणूस आपला रेडिओ पुढे करतो, तंत्रज्ञ केबल लावून त्या दिवसाची पूर्ण यादी त्यात उतरवतो, याला 'क्लोन' करणं म्हणतात. 'बेंडिक्स किंग' नावाचे रेडिओ जंगलवाल्यांना आवडतात त्याचं एक कारण हेच, की ते एकमेकांवरून उतरवता येतात आणि वेळ आली तर बोटांनीही भरता येतात. तरीही कागद खिशात असू द्यावा. यादी चुकीची उतरली आहे हे ताडून पाहायला दुसरं साधन नसतं. रेडिओ बुडाला, हरवला, दुसऱ्याचा उचलावा लागला, तर त्या पानावरून पुन्हा उभं राहता येतं. आणि शेऱ्याच्या रकान्यात स्थानिक टोपणनाव जरूर लिहावं: 'व्हीफायर २२, इथले लोक व्हाइट टू म्हणतात.' जुन्या नावावर माणसांचा जीव असतो. त्या नावाखाली त्यांनी आगी विझवलेल्या असतात. ते मारू नये, त्याला रकाना द्यावा.

९. कुलपाचा विचार आधी करा.

मोठ्या शहरांतल्या डिजिटल यंत्रणांत चॅनल म्हणजे एक ठरलेली लहर उरलेलीच नाही. संगणक त्या क्षणी मोकळी असेल ती लहर देतो आणि माणूस निवडतो तो 'टॉकग्रूप'. यंत्रणेनं आधी नोंद केलेल्या रेडिओलाच आत प्रवेश मिळतो. त्यात भर म्हणून लोकांची खासगी माहिती उघड होऊ नये यासाठी राज्याच्या न्याय विभागानं २०२०मध्ये सूचना काढली आणि कॅलिफोर्नियातल्या पुष्कळ पोलीस दलांनी बोलणं सांकेतिक केलं.

खासगी माहिती जपलीच पाहिजे. पण पाहुण्याजवळ किल्ली नसते. म्हणून महागड्या यंत्रणेशेजारी जुना, उघडा, साधा ॲनालॉग 'व्हीटॅक' जिवंत ठेवायचा आग्रह मी धरते. अंदाजपत्रकात तो एखाद्या ओळीपुरताच असतो आणि म्हणून काटछाटीत पहिला जातो.

१०. चॅनल बदलताना कुणाला तरी मागे ठेवा.

"सगळ्यांनी व्हीटॅक १३वर जा" असं सांगितलं की निम्मे जातात. बाकीच्यांतला एखादा पंप चालवत असतो, एखाद्याचा आवाज बारीक असतो, एखादा त्याच क्षणी दुसऱ्याशी बोलत असतो. नाव सांगावं, पुन्हा सांगावं, प्रत्येक तुकडीकडून तेच नाव परत वदवून घ्यावं, नव्या जागी हजेरी घ्यावी. आणि हजेरी पूर्ण होईपर्यंत जुन्या चॅनलवर एक माणूस बसवून ठेवावा. हा नियम माझ्या आधीच्या पिढीतल्या एका निवृत्त कॅप्टननं मला शिकवला. ते स्वतः त्या मागच्या खुर्चीवर बसत, हाताखालच्या माणसाला बसवत नसत.

११. शांत दिवशी, अनोळखी माणसाबरोबर तपासा.

२०१९च्या ऑक्टोबरअखेर वणव्याच्या भीतीनं इथली वीज मोठ्या भागात बंद ठेवली गेली तेव्हा शेजारच्या मरिन काउंटीतले निम्म्याहून अधिक मोबाइल मनोरे बंद पडले. ज्यांनी रेडिओ नियमानं वाजवून पाहिले होते त्यांचं काम चाललं. आमची साप्ताहिक चाचणी असते, पण आपल्याच माणसांबरोबरची चाचणी अर्धी असते. खरी चाचणी म्हणजे दुसऱ्या काउंटीचं, दुसऱ्या दलाचं माणूस बोलवायचं, त्याचाच रेडिओ त्याच्या हातात राहू द्यायचा, आणि फक्त नाव सांगायचं.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये माझ्या माहेरी कृष्णा घरात शिरली होती. एनडीआरएफ, लष्कर, नौदल असे सगळे बोटी घेऊन सांगली-कोल्हापुरात उतरले होते. गावांतले तरुण आपल्या बोटी, तराफे, ट्यूब घेऊन निघाले होते. मी इथून रात्रभर फोन लावत होते आणि प्रत्येक चित्रफितीत बोटीवरच्या माणसाच्या हाताकडे पाहत होते, त्याच्याजवळ रेडिओ आहे का आणि त्यावर काय लिहिलं आहे. तेव्हापासून गावी गेले की पूरनियोजनाशी संबंधित कुणी भेटलं तर मी एकच गोष्ट मागते. मे महिन्यात, पाणी यायच्या आधी, कृष्णेकाठच्या एखाद्या घाटावर एक दिवस ठेवा. पुण्याहून आलेलं पथक, जिल्ह्याचे पोलीस, महापालिकेचा अग्निशमन विभाग, तालुक्यातले बोटवाले आणि परवानाधारक हॅम, सगळ्यांना आपापले रेडिओ घेऊन बोलवा. एक चॅनल हाकेसाठी ठरवा, त्याला सगळ्यांच्या पडद्यावर एकच नाव द्या, ज्या रेडिओत तो भरता येत नाही त्यांची वेगळी यादी करा, आणि त्या यादीतल्या प्रत्येक बोटीवर कुठला माणूस कुठला जादा रेडिओ घेऊन बसेल ते त्याच दिवशी लिहून टाका.